तिसरा शिदो

स्पर्धा जवळ आली की पोराचं पोट दुखतं, डॉक्टर म्हणतात काही नाही, मग करायचं काय? शालेय स्पर्धा सुरू झाल्या की सोलापुरात माझ्याकडे हा प्रश्न हमखास येतो. 'हरायला घाबरते हो,' असं निदानही पालक सोबतच घेऊन येतात. म्हणून ही एक गोष्ट सांगते, घरच्यांना विचारून आणि ओळखीचे तपशील बदलून.

नववीतली मुलगी, ज्युदो खेळणारी. वडील यंत्रमागावर कामाला, तरुणपणी तालमीत घाम गाळलेले. जिल्ह्यात ती पहिली आली, पण विभागीय स्पर्धेचा विषय निघाला की पोट धरून बसायची. गेल्या वर्षी तिथं पहिल्याच लढतीत बाद झाली होती.

"पंचानं घात केला, मॅडम," वडील म्हणाले. "पोरगी एकदाबी पडली न्हाई, तरी हरवली."

ती खाली बघून दिवाणावरच्या चादरीची दशी ओढत होती.

पहिल्या भेटींत ती फारसं बोलली नाही. 'तू जिंकशील' असं मी म्हटलं नाही, मी ते कधीच म्हणत नाही. त्यानं मुलाच्या डोक्यावर आणखी एक ओझं चढतं. चौथ्या वेळी वडिलांना आत बसवलं आणि तिला म्हटलं, "मला ज्युदोतलं काही कळत नाही. तू पंच हो आणि आम्हाला शिकव."

ती उठली. हात सरळ वर: इप्पॉन. समोरची जोरात, वेगात, ताबा ठेवून पाठीवर पाडली की लढत संपली. खाली 20 सेकंद दाबून धरली तरी तेच. हात खांद्याच्या रेषेत बाजूला: वाझा-आरी, असे दोन म्हणजे इप्पॉन. तिचा आवाज मोकळा होत गेला.

"आणि न पडताही हरतात ते कसं?"

तिनं छातीसमोर दोन्ही हात एकमेकांभोवती फिरवले आणि बोट रोखलं. "शिदो, म्हणजे पंचानं दिलेला दंड. हल्ला केला नाही म्हणून. तीन झाले की बाद. मला असे दोन मिळाले होते."

"आणि तिसरा?"

तिनं वडिलांकडे पाहिलं. "बाबा बाहेरून ओरडत होते, पट काढ, पट काढ. मी पाय धरला."

कुस्तीत पट हा हुकमी डाव. ज्युदोत मात्र उभ्यानं लढताना हातानं पाय धरायला 2010 पासून बंधनं आली. वडिलांना हे कुणी सांगितलंच नव्हतं.

"चालत नाही हे तुला ठाऊक होतं?"

"होतं."

खोलीत बराच वेळ कुणी बोललं नाही. मीही ती शांतता मोडली नाही. शेवटी वडील म्हणाले, "मग वर्षभर मला सांगितलं का न्हाईस?" आणि ती पहिल्यांदा रडली.

पोट दुखत होतं ते मुलीचं, पण गाठ बसली होती बापलेकीच्या मधे. नियम तिला येत होते. गादीवर कुणाचं ऐकायचं, हे तिला ठरवता येत नव्हतं. मुलाची भीती एकट्या मुलात शोधू नये, हे माझं जुनं मत त्या दिवशी आणखी पक्कं झालं.

म्हणून पालकांना माझं सांगणं असतं: अर्ज भरण्याआधी मुलाकडून नियम शिकून घ्या, तुम्ही विद्यार्थी व्हा. या वेळी कोणते नियम आहेत हे प्रशिक्षकांना विचारा, कारण ते बदलतात. युको हा गुण 2017 मध्ये काढला होता, 2025 मध्ये तो परत आला. वजनगटासाठी आदल्या दिवशी उपाशी ठेवू नका. गट कोणता, हे महिनाभर आधी प्रशिक्षकांशी बोलून ठरवा. लढत सुरू झाली की बोलायचं प्रशिक्षकांनी. तुम्ही फक्त तिथं असा.

यंदा ती गेली. वडील गॅलरीत तोंडाला टॉवेल लावून बसले होते म्हणे. पहिली लढत जिंकली, दुसरीत इप्पॉननं हरली. संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

"ओ-सोतो-गारी लागला तिला, मॅडम. पाय मागनं उडवला. तिनंच दाखवलं मला, बस स्टँडवर, लोकांसमोर. आमच्याकडं बाहेरची टांग म्हणत्यात, तसलंच हाय की!"