बूद्वार म्हणजे बेडरूम नव्हे हो!

प्रश्न असा आलाय की दापोलीकडच्या एका फोटोवाल्याच्या रेटकार्डावर प्री-वेडिंगच्या खालच्या ओळीत 'बीच बुडोअर' असं छापलंय, तर हे काय प्रकरण, उच्चार काय आणि मराठीत काय म्हणायचं. उच्चार बूद्वार. फ्रेंच शब्द आहे, शेवटचा र घशातून काढायचा, नाही जमला तरी काही बिघडत नाही. बुडोअर, बौडोइर आणि कुणाच्या तरी मोबाइलनं परस्पर दुरुस्त केलेलं 'बुधवार शूट' ही सगळी रूपं माझ्या नजरेखालून गेलीयेत. अर्थही साधारण सगळ्यांना कळलेला असतो, कमी कपड्यांतले, खासगीतले, नवऱ्याला द्यायला किंवा स्वतःच्या हौसेनं काढून घेतलेले फोटो, त्यावर मी शाई घालवत नाही. पण बीच बूद्वार? अहो, बूद्वार ही खोली आहे, खोली! चार भिंती, एक दार आणि दाराला आतून कडी. कर्द्याच्या वाळूत बनाना राइडवाल्यांच्या आणि भेळवाल्याच्या साक्षीनं जे काढता त्याला ग्लॅमर म्हणा, बीच शूट म्हणा, खोलीचं नाव कशाला देता?

आता खरी गंमत. फ्रेंचमध्ये क्रियापदाला 'वार' जोडला की ती क्रिया करायची जागा किंवा साधन तयार होतं. दोर्मीर म्हणजे झोपणं, दोर्त्वार म्हणजे झोपायची मोठी खोली. आबात्र म्हणजे पाडणं, मारणं, त्यावरून आबात्वार म्हणजे कत्तलखाना. तसं बूदे म्हणजे रुसणं, आणि बूद्वार म्हणजे रुसून बसायची जागा. झोपायची नाही, नटायची नाही, रुसायची! १८व्या शतकात पॅरिसच्या बड्या घरांत बाईसाठी अशी छोटी खोली निघायला लागली आणि तिला हे नाव पडलं. नाव ठेवणारा पुरुषच असणार, बाई दार लावून वाचत बसली काय नि पत्रं लिहीत बसली काय, बाहेरच्याला ती रुसलेलीच वाटते.

आणि हे बूदे कुठून आलं? बऱ्याच कोशकारांचं म्हणणं, फुगलेल्या वस्तूसाठीच्या एका जुन्या नादमय धातूवरून, म्हणजे खालचा ओठ पुढे काढून गाल फुगवले की जे दिसतं ते. इथे मला राहवत नाही. आपल्याकडे काय म्हणतात? फुगून बसली. मालवणीत फुगान बसला. गाल फुगवले, तोंड फुगवलं. रुसवेफुगवे हा जोडशब्द तर घ्याच, त्यातला रुसवा संस्कृत रुष् वरून, रागाचा, तो मनातला, आणि फुगवा तोंडावरचा. फ्रेंचांनी फक्त फुगवा उचलला, आपण दोन्ही ठेवले. इंग्रजीतला पाउटसुद्धा मुळात फुगण्याच्याच घराण्यातला असावा असं मानतात, म्हणजे रत्नागिरीजवळ आरे-वारेच्या कठड्यापाशी सेल्फीसाठी जी मुलगी ओठ पुढे काढते ती अगदी शब्दशः बूदे करत असते, भले ती खुशीत असो. या तिन्ही शब्दांचं एकमेकांशी रक्ताचं नातं आहे असं मी म्हणत नाहीये. पण तीन भाषांनी तोच चेहरा बघून रुसण्याला तेच नाव ठेवावं हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही, कुणाला वाटत असेल तर वाटू दे.

त्यामुळे 'शयनकक्ष छायाचित्रण' सुचवणाऱ्यांशी माझं जमत नाही. आणि 'अंतःपुर' म्हणणाऱ्या विद्वानांशी तर अजिबातच नाही. अंतःपुर राजाचं असतं, त्याची किल्ली, पहारा, सगळं त्याचं. बूद्वारची कडी आतल्या बाईच्या हातात. बरं, आपल्याकडे नेमका शब्द नव्हता असं थोडंच आहे? तुळसीदासांनी कोपभवन म्हटलं, त्याच्या कितीतरी आधी वाल्मीकींनी क्रोधागार म्हटलं. कैकेयी तिथे जाते, दागिने उतरवून फेकते आणि उघड्या जमिनीवर आडवी होते, आणि दशरथाला शोधत तिथे यावं लागतं. हा झाला खरा बूद्वार! आजच्या शूटमध्ये तर आधी दागिने चढवतात. कोकणातल्या जुन्या घरांत म्हणाल तर ओटी, पडवी, माजघर, बाळंतिणीची खोलीसुद्धा होती, पण रुसायला वेगळी खोली नव्हती, माजघरातल्या खांबाला टेकून सगळ्यांच्या देखतच रुसावं लागायचं.

मग रुसव्याचा शृंगार कधी झाला? फार वेळ नाही लागला. १७८०मध्ये ल काम्यू द मेझिएर नावाचा वास्तुकार आपल्या ग्रंथात बूद्वारला विलासाचं ठिकाण ठरवून तिथे आरसे कसे लावावेत, उजेड कसा मऊ यावा हे लिहितो. व्हर्सायच्या राजवाड्याच्या आवारातल्या पेती त्रियानो या छोट्या महालात फ्रान्सची राणी मारी आंत्वानेत हिच्या बूद्वारला तर यंत्रानं जमिनीतून वर येऊन खिडक्या झाकणारे आरसे होते. १७९५ला कामुक लिखाणासाठी बदनाम असलेल्या मार्की द साद या लेखकानं हा शब्द पुस्तकाच्या नावातच घातला आणि उरलीसुरली अब्रू गेली.

फोटोग्राफीत मात्र हा शब्द शिरला तो चक्क मापाचा म्हणून, हे फोटोवाल्यांनाही माहीत नसतं. १९व्या शतकाच्या शेवटच्या दशकांत स्टुडिओवाले फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवून द्यायचे, सव्वाचार बाय साडेसहा इंचाचं कॅबिनेट कार्ड, आणि त्याहून मोठं, सव्वापाच बाय साडेआठ इंचाचं ते बूद्वार कार्ड! त्यावर अमेरिकेतले डोंगर आणि रेल्वेचे पूलसुद्धा छापलेत. तेव्हा त्या मापाच्या पुठ्ठ्यावर कुणी समुद्र चिकटवून दिला तर त्याला बीच बूद्वार म्हणायला माझी ना नाही.

चित्रांची परंपरा वेगळी. १८३९ला दागेरोटाइप, म्हणजे धातूच्या पत्र्यावर फोटो काढायची रीत, जाहीर झाला आणि थोड्याच वर्षांत पॅरिसमध्ये चित्रकारांच्या अभ्यासासाठी म्हणून विवस्त्र फोटो निघायला लागले, दलाक्र्वासारखा चित्रकार ते समोर ठेवून रेखाटायचा. पण ते मॉडेलचे. माझ्या मते आजच्या प्रकाराची खरी आजी म्हणजे कास्तिलिओनेची काउंटेस, एक इटालियन सरदारीण. १८५६पासून पुढे अनेक वर्षं तिनं पिएरसॉन या फोटोग्राफरकडून चारशेहून जास्त फोटो काढून घेतले, पोशाख, पोज, कोन, सगळं ती ठरवणार. उघडे पाय, जे तेव्हा दाखवायचेच नाहीत, तेही काढून घेतले. एका फोटोत ती लंबगोल चौकट डोळ्याला लावून त्यातून एकाच डोळ्यानं आपल्याकडे बघते, म्हणजे बघणारे तुम्ही नाही, ती.

नंतर फ्रेंच पोस्टकार्डं आली, भिंतीवर टाचायची पिनअप चित्रं आली, १९८०च्या सुमारास धुरकट सॉफ्ट फोकस आला. पण घराघरातल्या बाईपर्यंत हे पोचलं ते डिजिटलमुळे, कारण फिल्म धुवायला लॅबमध्ये द्यायची म्हणजे चिपळुणातल्या ओळखीच्या माणसानं आधी निगेटिव्ह उजेडात धरून बघणं आलंच. आता ती भानगड उरली नाही, तर फाइल कुणाच्या ड्राइव्हवर राहते ते विचारून घ्या. स्टाइलही बदलली, सॅटिनचा ढीग गेला, खिडकीतला एका बाजूचा उजेड, नवऱ्याचा पांढरा शर्ट, पोटावरचे बाळंतपणाचे व्रण न पुसता ठेवलेले, असं जास्त दिसतं.

नाट्यशास्त्राच्या भाषेत सांगायचं तर खोली होती कलहान्तरितेची, भांडून बसलेलीची, आणि शूट होतं वासकसज्जेचं, नटून वाट बघणारीचं. म्हणून मराठी शब्द हवाच असेल तर मी 'रुसवाघर' म्हणेन, रुसवाघरातले फोटो. दुकानाच्या पाटीवर चालणार नाही, गिऱ्हाईक घाबरेल, तिथे खुशाल बूद्वार लिहा. फक्त दीर्घ बू आणि द् ला व जोडून, आणि मोबाइलनं बुधवार केलंय का ते छापायच्या आधी बघा.