सेल लीक का होतात?

प्रश्न : रिमोटमधले अल्कलाइन सेल परत लीक झाले, स्प्रिंगवर पांढरी पावडर साठलीय. कंपन्या आतलं सील मजबूत का नाही करत? – एक वाचक, सांगली

उत्तर : अहो, सील मुद्दामच एका जागी नाजूक ठेवतात! सेलच्या आत जस्ताची पूड आणि पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं झोंबणारं द्रावण असतं, नुसतं पडून राहिलं तरी जस्त हळूहळू गंजतं आणि हायड्रोजन गॅस तयार होतो, पूर्वी तो कमी व्हावा म्हणून पारा घालायचे, पण विषारी म्हणून तो काढून टाकला. मायनसकडच्या टोपीखाली नायलॉनची चकती असते, मधून पितळी खिळा जातो, आणि चकतीचा एक भाग पातळ ठेवलेला असतो. कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हसारखंच, प्रेशर वाढलं की आधी तो फाटतो, नाहीतर अख्खा सेलच फुटेल ना. त्या फटीतून द्रावण बाहेर येऊन सुकतं, तीच तुमची पांढरी पावडर. म्हणजे नुसतं सील जाड करून भागत नाही, गॅसच कमी व्हायला हवा, म्हणून जस्तात आता बिस्मथ, इंडियम हे धातू थोडे मिसळतात.

पण खरं सांगू का, निम्मा दोष आपलाच. जुना-नवा सेल एकत्र टाकला की कमजोर सेल उलटा चार्ज होतो आणि गॅस भसाभस वाढतो. जोडी एकदमच बदला, आणि रिमोट बरेच दिवस वापरणार नसाल तर सेल काढून ठेवा.

पावडरला हात लावू नका हं, कातडीला झोंबते. इअरबडवर थोडं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस घेऊन पुसा, फसफसेल, मग कोरडं करा. स्प्रिंग हिरवी पडून खाल्ली गेली असेल तर मात्र रिपेअरवाल्याकडे.