सेकंड हँड स्पोर्ट्स कार घेताना रनिंग किती असावं?

तुम्ही लिहिलंय की बजेट २० लाखांच्या आसपास आहे. २०१७ च्या दोन स्कोडा ऑक्टेव्हिया आरएस बघून ठेवल्या आहेत, एक २९ हजार किलोमीटरची, दुसरी ८७ हजारांची, आणि कमी पळालेली ३ लाखांनी महाग आहे. 'मायलेज' किती झालं की स्पोर्ट्स कारला हात लावू नये, असा तुमचा प्रश्न. अ‍ॅव्हरेज नव्हे, रनिंग विचारताय, हे कळलं.

बहुतेक जण तुम्हाला ५० हजारांच्या आतली घ्या म्हणून सांगतील. मी सांगतो, आधी ८७ हजारांची बघायला जा. हे मी पैसे घालवून शिकलोय आणि घरात त्यावरून अजून वाद चालू आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आमचं मूळ कोल्हापूरचं. आबांचं शिवाजी उद्यमनगरात इंजिन बोअरिंगचं, म्हणजे झिजलेले सिलिंडर आतून कापून नीट करायचं, दुकान होतं. ट्रक, जीप, ट्रॅक्टर, कसलंही इंजिन यायचं. हेड उतरवलेला इंजिनचा ब्लॉक टेबलावर आला की आबा आधी बोअर, म्हणजे सिलिंडरचं आतलं भोक, मोजायचं गेज लावायचे आणि मगच गिऱ्हाइकाशी बोलायचे. शाळेतून आल्यावर वहीत आकडे लिहायचं काम माझं. पिस्टनच्या वरच्या रिंगेच्या जागी किती थाऊ (इंचाचा हजारावा भाग) झिजलंय, खाली किती, कंपनीतून आलेल्या होनिंगच्या तिरक्या रेघा अजून दिसतात की पुसल्यात. त्या वयात मला एका गोष्टीचं फार नवल वाटायचं. कोल्हापूर-मुंबई लाइनवर लाखो किलोमीटर मारलेल्या ट्रकच्या बोअरमध्ये रेघा अजून दिसायच्या, आणि गावातल्या गावात फिरणाऱ्या, त्याच्या पाव पळालेल्या जीपचा बोअर मात्र वरच्या बाजूला नख अडकेल इतका झिजलेला असायचा. आबांना त्यात नवल काहीच वाटत नसे. थंड इंजिन चालू झाल्यावर ऑइल सगळीकडे नीट पोचेपर्यंतच्या वेळात जी झीज होते, ती हायवेवर तासन्‌तास एका लयीत पळताना होत नाही, हे ते गिऱ्हाइकांना रोज सांगायचे.

२०२१ च्या दसऱ्याला मी आरएस घ्यायचं ठरवलं. २ लिटरचं टर्बो पेट्रोल, २३० पीएस. चार दारांची आहे म्हणून कुणी तिला सेडान म्हणेल, पण आपल्याकडच्या पगारदार माणसाची स्पोर्ट्स कार हीच. माझ्यापुढेही तुमच्यासारख्याच दोन गाड्या होत्या. पहिली मुंबईत एका एजंटकडे, मीटर १९,२०० किलोमीटर, 'सिंगल ओनर, डॉक्टरांची गाडी आहे साहेब'. दुसरी शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्यांची, ९१ हजार. ते दर आठवड्याला शिरोली ते चाकण जाऊन-येऊन करायचे. त्यांनी टेबलावर एक जाडजूड फाइल ठेवली. प्रत्येक सर्व्हिसचं बिल तारखेनं लावलेलं, ६० हजारांच्या आधीच गिअरबॉक्सचं ऑइल आणि फिल्टर बदलल्याचं बिल, टायरची बिलं, अगदी वायपरचंसुद्धा. दोन गाड्यांत ४ लाखांचा फरक.

आबांना फोन केला. ते म्हणाले, "मीटर काय बघतोस? बोअर उघडून बघाय मिळणार हाय का? न्हाई न्हवं? मग बिलं बघ. फायलीतली घे."

आता दाजी. माझ्या ताईचे मिस्टर, पुण्यात असतात, माणूस प्रेमळ आहे आणि माझ्या अडचणीला कायम उभा राहिलेला आहे. गाडीसाठी कमी पडणारे ४ लाख तेच देणार होते. ते म्हणाले, "लाखाला टेकलेली गाडी? अरे, ती तर जुनी एसटी झाली. उद्या विकायला काढलीस तर कोण विचारेल?" ताईसमोर, आईसमोर हे बोलणं झालं. ज्याच्याकडून पैसे घ्यायचे त्याला तोंडावर नाही म्हणणं मला जमलं नाही. दसऱ्याला मुंबईची पांढरी गाडी दारात आली, तिची पूजा झाली, आणि आबा गाडीभोवती एक फेरी मारून काही न बोलता आत गेले.

चौथ्या महिन्यात सायलेन्सरमधून निळा धूर यायला लागला. गॅरेजमध्ये ऑइलचं झाकण उघडलं तर आतून लोण्यासारखा पिवळट थर. दोन बोटांत धरून टर्बोचा शाफ्ट हलवला तर हलायला नको तितका हलत होता. टर्बोचा शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो आणि तो तोलला जातो ऑइलच्या पातळ पापुद्र्यावर. ऑइलच खराब असेल तर दुसरं काय होणार? टायर एका जागी बसून चपटे झालेले, ८० च्या वर स्टिअरिंग थरथरायचं. बॅटरी गेलेली. मागच्या डिस्कना गंजानं खड्डे. बॉनेटखालच्या वायरिंगचा एक जुडगा उंदरांनी कुरतडलेला आणि वरून टेप गुंडाळलेली. सगळं मिळून ३ लाख ४० हजार गेले. गाडी बनवण्यात काही खोट होती असं मी म्हणत नाही, ती कशी वापरली गेली त्याचं हे फळ.

हे कळल्यावर दाजींचं पहिलं वाक्य होतं, "मीटर मागे फिरवलेलं असणार. नाहीतर १९ हजारांत असं होतंच नाही." आजही, प्रत्येक भाऊबीजेला, ते हेच म्हणतात. आपलं तत्त्व बरोबर होतं, फक्त एजंटनं फसवलं, असं त्यांचं म्हणणं.

नाही दाजी. मीटर खरं होतं. मी सर्व्हिस सेंटरमधून चॅसी नंबरवरून सगळी नोंद काढली. स्कॅनर लावून प्रत्येक कंट्रोल युनिट वाचलं. स्कोडा ज्या फोक्सवॅगन ग्रुपची, त्याच्या गाड्यांत फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची नोंद, पडला की त्याच्यासोबत त्या क्षणाचं किलोमीटरही नोंदलं जातं. मीटर फिरवणारा पुढचा आकडा बदलतो, पण आत कुठेतरी '७४ हजारांवर अमुक फॉल्ट' असं राहून जातं आणि पितळ उघडं पडतं. माझ्या गाडीत सगळे आकडे १९ हजारांच्या आतले आणि क्रमानं लागलेले. एजंट एक अक्षर खोटं बोलला नव्हता. गाडी खरंच एकाच मालकाची होती आणि मालक खरंच डॉक्टर होते. घर ते दवाखाना साडेचार किलोमीटर, सकाळी जाणं, दुपारी जेवायला घरी, संध्याकाळी परत जाणं, रात्री घरी. दिवसाला चार फेऱ्या, सगळ्या मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये. लॉकडाऊनमध्ये दवाखाना बंद होता ते काही महिने गाडी तळघरात उभी. सर्व्हिस १५ हजार किलोमीटर किंवा १ वर्ष, यातलं जे आधी येईल ते. त्यांनी फक्त किलोमीटर मोजले आणि वर्ष विसरले.

आता हा हिशेब बघा, कारण सगळं त्यात आहे. ट्रॅफिकमध्ये सरासरी ताशी १४ चा वेग धरला तर १९,२०० किलोमीटरला इंजिन सुमारे १,३७० तास चाललं. फाउंड्रीवाल्यांच्या गाडीचा सरासरी वेग ६५ धरला तर ९१ हजारांना १,४०० तास. म्हणजे दोन्ही इंजिनं जवळपास सारखीच जुनी! आणि स्टार्ट मोजा. दिवसाला चार या दरानं डॉक्टरांची गाडी चार हजारांहून जास्त वेळा सुरू झाली, आणि प्रत्येक वेळी ऑइल पुरतं तापायच्या आत बंद झाली. पाण्याचा काटा ९० वर आला म्हणजे ऑइल तापलं असं नसतं, त्याला पुष्कळ जास्त वेळ लागतो. ऑइल तापलं नाही की त्यात उतरलेलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही, तिथेच साठत राहतं. चाकणच्या गाडीला एका बाजूचे २६० किलोमीटर, वाटेत एखादा चहा. सगळे स्टार्ट मिळून हजाराच्या आसपास. क्लच, ब्रेक, गिअर यांचंही तेच. हायवेवर गाडी तासभर टॉप गिअरमध्ये असते, ट्रॅफिकमध्ये त्याच तासात शेकडो वेळा पहिला-दुसरा, पहिला-दुसरा.

ती ९१ हजारांची गाडी पुढे इचलकरंजीत गेली. कोल्हापूरकडे या गाड्या मोजक्या, कुठली कुणाकडे आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि मी मुद्दाम चौकशी ठेवतो. आता १ लाख ६० हजारांच्या पुढे आहे. सस्पेन्शनचं ८० हजारांचं काम निघालं, ते खरं. इंजिनला आणि टर्बोला कुणी हात लावलेला नाही.

तर किलोमीटर म्हणजे गाडी किती लांब गेली ते. कशी गेली हे त्यात नसतं. आणि लोक मीटर फिरवतात तेही याचमुळे, की घेणारा फक्त तेवढंच बघतो. घेणाऱ्यांनी बिलं मागायला सुरुवात केली की मीटर फिरवण्यात काय उरतं? पोर्शे घेणारे जाणकार लोक तर इंजिनच्या कॉम्प्युटरमधून एकूण चाललेले तास आणि इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरलं याची नोंद काढूनच बोलणी करतात. चुकून खालचा गिअर पडून इंजिन जे ओरडतं, ते लिमिटर (इंजिनचे फेरे मर्यादेत रोखणारी सोय) थांबवू शकत नाही, आणि ते त्यात बरोबर दिसतं.

तुमच्या दोन गाड्यांसाठी. विकणाऱ्याकडे फास्टॅगचं स्टेटमेंट मागा. खेड-शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी असे टोल ओळीनं दिसले की गाडी हायवेची. २०२१ पासून फास्टॅग सक्तीचा आहे, म्हणजे तेव्हापासूनचा वापर कळतो. स्टेटमेंट द्यायला जो टाळाटाळ करेल त्याच्याबद्दल मला शंका येईल. टायरवरच्या DOT नंबरचे शेवटचे चार आकडे बघा, २३१७ म्हणजे २०१७ चा तेविसावा आठवडा. २९ हजारांच्या गाडीचे चारही टायर बदललेले असतील तर का बदलले ते विचारा, आणि पहिलेच असतील तर वयामुळे ते बाद धरून पैसे कापा. ड्रायव्हरचा सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून कड विसविशीत झालीय का बघा, झाली असेल तर गाडीत चढ-उतार फार झालीय. बॉनेटच्या नाकावर खडीचे टोचे असतील तर घाबरू नका, हायवेची गाडी आहे त्याचीच ती खूण. आणि जायच्या आधी फोन करून सांगा की गाडी चालू करून ठेवू नका. गेल्यावर बॉनेटवर हात ठेवा, गरम लागलं तर दुसऱ्या दिवशी परत जा. थंड स्टार्ट स्वतःच्या कानानं ऐकायचा, ऑइलचं झाकण स्वतःच्या हातानं उघडायचं. स्कॅनरवाला सोबत न्या, हजार-दोन हजार घेईल.

दाजी म्हणतात एका गाडीवरून नियम होत नाही. ते बरोबर आहे. कमी पळालेली सगळीच गाडी वाईट नसते. मालकानं दरवर्षी ऑइल बदललं असेल आणि रविवारी पन्नास-शंभर किलोमीटर मोकळं फिरवलं असेल, तर २९ हजारांची घ्या, ३ लाख जास्त देण्यासारखी ती आहे. परत विकताना जास्त पळालेल्या गाडीला भाव कमी येतो, हेही दाजींचं खरं आहे. पण तुम्ही घेतानाही तो कमी दिलेला असतो ना! उलट ८७ हजारांच्या गाडीचं रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलणं) केलेलं असेल, किंवा केलं होतं आणि विकण्यापुरतं काढून टाकलंय अशी शंका आली, तर फाइल कितीही जाड असो, सोडून द्या. आणि आबांचा नियम ट्रक-जीपच्या काळातला आहे. टर्बो आणि असे गिअरबॉक्स त्यांनी त्यांच्या दुकानात उघडले नाहीत. तरी माझ्या गाडीच्या बाबतीत ते बरोबर निघाले आणि मी त्यांचं ऐकलं नाही, ते मला अजून लागतं.

८७ हजारांच्या गाडीत सगळ्यात आधी एकच बिल शोधा. या आरएसला सहा गिअरचा, ऑइलमधल्या क्लचचा डीएसजी, म्हणजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आहे आणि त्याचं ऑइल दर ६० हजारांना बदलावं लागतं. ते बिल फाइलमध्ये असेल तर बोलणी सुरू करा. नसेल तर विकणारा 'लाइफटाइम ऑइल असतं' वगैरे म्हणेल, तेव्हा वाद घालत बसू नका, निघून या.