परीक्षक समोर उभे राहिले की हात थरथरतात

‘सर्जरीच्या प्रॅक्टिकलला माझे हात थरथरले. मी सर्जन व्हायच्या लायकीची नाही का?’ हा प्रश्न सांगलीत समुपदेशन करताना माझ्याकडे वरचेवर येतो. शेजारचं मिरज दवाखान्यांचं गाव. डॉ. विल्यम वानलेस यांनी तिथं १८९४ साली रुग्णालय उभं केलं, १९६२ पासून तिथं सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि कराडपासून कोल्हापूरपर्यंत आणखी कितीतरी मुलं डॉक्टर व्हायला शिकताहेत. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत. तिला शुभदा म्हणूया.

शुभदा एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला होती. तासगाव तालुक्यातून वडील सोबत आले होते, द्राक्षबागायतदार. तेच आधी बोलले. ‘मॅडम, पोरगी पुस्तक कोळून प्यालीया. पण पेशंटम्होरं सर हुबं ऱ्हायलं की हात थरथरत्यात म्हणती. सर्जन व्हायचं सपान बघितलंय, आता नकोच म्हणाय लागलीया.’

झालं होतं असं. प्रिलिमला लाँग केस म्हणून, म्हणजे सविस्तर तपासून सांगायला, जांघेतल्या हर्नियाचा (आतडं पोटाच्या भिंतीतून बाहेर येऊन झालेल्या गाठीचा) रुग्ण आला. तपासून दाखवताना बोटं थरथरली, पुढची पायरी आठवेना, आणि परीक्षक सगळ्यांदेखत म्हणाले, ‘या हातात सुरी कोण देणार?’ ते वाक्य तिच्या मनात रुतून बसलं. तिनं सर्जरीची पुस्तकंच कपाटात टाकली. शिक्षकाच्या तोंडून विद्यार्थ्यासाठी असं वाक्य जाऊ नये, हे माझं ठाम मत आहे. त्यातून काय सुधारायचं ते कळत नाही, फक्त लाज उरते.

मी तिला विचारलं, ‘थायरॉइडची गाठ तपासतानाही असंच होतं?’ ती थांबली. ‘नाही मॅडम. थायरॉइड मला चांगलं जमतं.’ स्तनातली गाठ? तीही जमते. पायाच्या फुगलेल्या शिरा? जमतात. मग हर्निया आणि हायड्रोसीलच (अंडकोषाभोवती पाणी साठणं) का? हळूहळू कळलं, की वॉर्डात या केसेस आल्या की बॅचमधली मुलं पुढं व्हायची, मुली पडद्याच्या कडेला. कुणी मागं ढकललं नव्हतं, संकोचापोटी सगळं आपोआप ठरत गेलं होतं. लॉगबुकात, म्हणजे शिकलेल्या कामांच्या नोंदवहीत, सही झाली होती, पण रुग्णाला उभं करून खोकायला सांगणं, झोपवून गाठ आत जाते का पाहणं, मग डीप रिंगवर (हर्निया ज्या आतल्या छिद्रातून उतरतो तिथं), म्हणजे जांघेच्या अस्थिबंधाच्या मध्यापासून अर्धा इंच वर, अंगठ्यानं दाबून पुन्हा खोकायला लावणं, हे तिनं सुरुवातीपासून शेवटपर्यंत कधी केलंच नव्हतं. पाठ मात्र होतं.

२०१९ पासूनच्या नव्या एमबीबीएस अभ्यासक्रमात कौशल्य शिकवण्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या आहेत: दाखवणं, निरीक्षण, मदत, आणि मग स्वतः करणं. मोठ्या बॅचमध्ये चौथी पायरी पुढं उभ्या असलेल्यांच्या वाट्याला येते. मागच्यांना ती थेट परीक्षेच्या टेबलाशी भेटते, आणि तीही कुणीतरी रोखून बघत असताना.

बघणाऱ्या नजरेचा परिणाम रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६५ मध्ये मांडला होता. अंगवळणी पडलेलं काम लोकांसमोर आणखी चांगलं होतं, कच्चं असलेलं बिघडतं. शुभदाचं थायरॉइड आणि हर्निया यांत नेमका हाच फरक होता. हे तिला सांगितलं तेव्हा ती रडली. दोष आपल्या हातांचा नाही, हे तिला पहिल्यांदाच कुणीतरी सांगत होतं.

दुसरी भीती होती, की कापऱ्या हाताचे गुण जातात. ओस्की (ओएससीई) ही प्रॅक्टिकलची परीक्षापद्धत वैद्यकीय शिक्षक रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडीहून मांडली, ती अशाच तक्रारींमुळे: एकाला सोपा रुग्ण, दुसऱ्याला अवघड, आणि परीक्षकाचा स्वभाव वेगळाच. ओस्कीत घंटेवर टेबल बदलतं आणि प्रत्येकाला गुणांची तीच यादी लागते. परवानगी घेतली का, हात धुतले का, पडदा ओढला का, कुठं दुखतं हे हात लावण्याआधी विचारलं का. या गोष्टी कापऱ्या हातांनीही करता येतात. पुढं रेसिडेंट (पदव्युत्तर शिकणारी डॉक्टर) झाल्यावर टाके आणि हत्यारं हाताळण्याची सफाई मोजली जाते, हे खरं. पण ती सफाई सरावानंच येते.

मग आम्ही सराव लावला. ती माझ्यासमोर हर्नियाची तपासणी पायरी-पायरीनं मोठ्यानं बोलायची आणि मी परीक्षकासारखी मान न हलवता काहीतरी लिहीत बसायची. मी डॉक्टर नाही, त्यामुळे बरोबर-चूक मला कळत नव्हतं. पण ती दर दोन वाक्यांनंतर ‘सॉरी’ म्हणते, हे मला दिसलं. ते सुटायला वेळ लागला. वॉर्डात तिनं एका रेसिडेंट ताईंना गाठलं. त्या रुग्णाची परवानगी घेऊन शेजारी उभ्या राहायच्या, शुभदाला पूर्ण तपासणी करू द्यायच्या आणि शेवटीच बोलायच्या. सुरुवातीला बोटं थरथरायची. मनगट टेकवायला, बोटं ठेवण्याआधी लांब श्वास सोडायला त्यांनीच शिकवलं. रात्रभर जागून सकाळी नुसत्या चहावर परीक्षेला जायचं नाही, हेही ठरलं; उपाशी पोट, जागरण आणि कॅफीन यांनी निरोगी माणसाचाही कंप वाढतो.

हॉस्टेलवर कुणीतरी तिला धडधड आणि कंप कमी करणारी प्रोप्रॅनोलॉलची गोळी सुचवली होती. ती डॉक्टरांना न विचारता अजिबात घेऊ नका. दमा असलेल्याला ती जिवावर बेतू शकते. आणि हात एरवीही थरथरत असतील, कप धरताना, सही करताना, वजन घटत असेल किंवा छाती धडधडत असेल, तर समुपदेशकाआधी डॉक्टरांकडे जा, थायरॉइड तपासा.

विद्यापीठाच्या परीक्षेत शुभदाला हर्निया आला नाही, मधुमेही पायाची जखम आली. ती पास झाली. आता ती इंटर्न आहे. वॉर्डात हर्निया आला की मागं उभ्या असलेल्या ज्युनिअर मुलींना ती नाव घेऊन पुढं बोलावते, आणि स्वतः युनिटच्या सरांना विचारते, ‘सर, मी करते, तुम्ही जरा बघता का?’