अटॅक्सिया टेलँजिएक्टेशियात लिव्हर आणि साखर का बिघडते?

विट्याच्या ताई, तुम्ही विचारलंत की अटॅक्सिया टेलँजिएक्टेशिया (तोल जाणं, डोळ्यांत लाल रक्तवाहिन्या दिसणं असा आनुवंशिक आजार) असलेल्या 16 वर्षांच्या भाच्याचा एएफपी (रक्तातलं एक प्रथिन, जे लिव्हरच्या कॅन्सरमध्येही वाढतं) वाढलाय. एवढ्यावरून कॅन्सरची धास्ती घेऊ नका. या आजारात तो बहुतेकांचा वाढलेलाच असतो. निदानाची खूणच ती. लक्ष एसजीपीटीकडे (लिव्हरला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) द्या. 11व्या गुणसूत्रावरचं एटीएम जनुक (पेशींतल्या डीएनएची दुरुस्ती सांभाळणारं; तेच बिघडून हा आजार होतो) बिघडलं की इन्सुलिनचं कामही अडखळतं, म्हणून काटकुळ्या मुलांतसुद्धा फॅटी लिव्हर आणि मधुमेह दिसतो. उपाशीपोटीची साखर नॉर्मल येऊन फसवू शकते. ग्लुकोज पाजून दोन तासांनी तपासायचं का, हे डॉक्टरांना विचारा. मिरजेला दाखवायला नेताय ना? मग लिव्हरसाठी सोनोग्राफी बरी. सीटी स्कॅन, एक्स-रे अगदी अडलं तरच, कारण या मुलांच्या पेशींना किरणोत्सर्ग सोसत नाही. केसपेपर काढतानाच हे सांगा. इतका दुर्मीळ आजार प्रत्येक डॉक्टरच्या पाहण्यात असतोच असं नाही.