एचएसजी (गर्भाशय आणि गर्भनलिका तपासायचा एक्स-रे) करताना खूप दुखतं का, नर्स काही मदत करते का?

दुखतं, पण बहुतेकींना डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव औषध) आत जाताना पाळीसारखी जोरात कळ येते तेवढंच, ती सहसा काही मिनिटांत ओसरते. डॉक्टरांना विचारून पेनकिलर तासभर आधी घ्या, टेबलावर झोपल्यावर घेऊन उपयोग नाही. डायमध्ये आयोडीन असतं, त्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधीच सांगा. आणि नर्सचा खरंच खूप फरक पडतो हो, चांगली नर्स अंगावर चादर नीट घालते, हात धरून "आता थंड लागेल, आता कळ येईल, श्वास हळू सोडा" असं प्रत्येक स्टेपला सांगत राहते, त्याने पोट आणि मांड्या सैल राहतात. सहन होत नसेल तर बिनधास्त "थांबा" म्हणा, तो तुमचा हक्कच आहे. झाल्यावर लगेच उठू नका, चक्कर येऊ शकते, पॅड सोबत ठेवा.