जुन्या डिस्कवर सॉफ्टवेअर बसत नाही? फॉर्मॅट मारू नका

राळेगावकडच्या भाऊंचा प्रश्न असा: कृषी केंद्राच्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क नव्या मशीनला डी ड्राइव्ह म्हणून लावली. उधारी कोणाला दिसू नये म्हणून पहिल्या ऑपरेटरने बिलिंगचा फोल्डर बंद करून ठेवला होता. आता सॉफ्टवेअर तिथं टाकायला गेलं की 'एरर १३१०' येतो. युजरचं नाव तेच ठेवलं, तरी तेच. मेकॅनिक म्हणतो, फॉर्मॅट मारा.

भाऊ, अजिबात मारू नका. दोन हंगामांची उधारी जाईल.

१३१० म्हणजे सेटअपला त्या जागी फाइल लिहिता आली नाही. सातबाऱ्यासारखं समजा. विंडोज नावावर जात नाही, खाते क्रमांक पाहते, आणि नव्याने टाकली की जुन्याच नावाला नवा क्रमांक पडतो. डिस्क तुमच्या घरात आहे, फेरफार तेवढा राहिला. फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी उघडा. 'अकाउंट अननोन' आणि पुढे एस-१-५-२१ ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसला, तर तोच जुना खातेदार. जनरलमधल्या 'रीड ओन्ली'च्या खुणेमागे लागू नका. ती काढली तरी परत येते, आणि तिचा याच्याशी संबंधही नाही.

आता ॲडव्हान्स्डमध्ये जा. वर ओनरसमोर 'चेंज' दाबून तुमचं लॉगिन नाव टाका, खाली सबकंटेनर्सचा (म्हणजे आतल्या फोल्डरांचा) चौकोन टिक करा, ओके. मग सगळ्या खिडक्या बंद करून पुन्हा उघडा; लोक इथंच चुकतात, न उघडता पुढचं करायला जातात. नंतर सिक्युरिटीत एडिट, ॲड, आणि तीन नावांना फुल कंट्रोल द्या: तुमचं, ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि सिस्टीम. सिस्टीम विसरू नका, कारण बरेचसे सेटअप फाइल लिहितात ते त्याच खात्यातून. मधेच लाइन गेली तर घाबरू नका, तेच परत करा.

हे फक्त त्या एका फोल्डरवर. एका ठिकाणी कोणीतरी अख्ख्या सी ड्राइव्हची मालकी बदलून ठेवली होती, ते मशीन मला शेवटी पूर्ण नव्यानेच करावं लागलं. विंडोज आणि प्रोग्राम फाइल्स या फोल्डरांना हात लावायचा नाही.

फोल्डर उघडला की सगळ्यात आधी डेटा पेनड्राइव्हवर घ्या, सेटअप मग चालवा. आणि माझं ऐकाल तर सॉफ्टवेअर सी मध्ये जिथं ते आपोआप जातं तिथंच जाऊ द्या, डी मध्ये नुसता डेटा ठेवा. बियाण्याची गर्दी सुरू व्हायच्या आत एवढं उरकून घ्या. सिक्युरिटीत काही वेगळं दिसलं तर स्क्रीनचा फोटो टाका, मी पाहतो.